सोयीचे पैसे

माझ्या दुकानात खुर्ची टाकून माझंच गिऱ्हाईक परतवणारा माणूस माझा जागामालक होता. पनवेलजवळ करंजाड्यात त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा मी भाड्याने घेतला होता. झेरॉक्स, आधार-पॅनचे अर्ज, वीजबिलं, पासपोर्ट फोटो आणि रेल्वे-विमानाची तिकिटं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, मुलगी कॉलेजात होती आणि मला घरात बसून चालणार नव्हतं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

आमच्या भागात जमीन गेली की माणसाचा शेठ होतो. यांचीही गेली, नव्या विमानतळात. बदल्यात मिळालेल्या भूखंडावर इमारत उभी राहिली आणि भात लावणारा माणूस भाडी गोळा करायला लागला. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणायची. पांढरा लेंगा, पांढरा सदरा आणि खाली मुलाने दिलेले भडक पोपटी रंगाचे पळायचे बूट. पळताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. चष्मा दोरीने गळ्यात, आणि एका खिशात एक, दुसऱ्यात दुसरा, असे दोन फोन. एक बोलायचा आणि एक बघायचा. बघायच्या फोनवर कोणाचा फोन आला की ते तो उचलत नसत. "हा बघायचा हाय," म्हणायचे आणि वाजू द्यायचे.

दुकान सुरू करून आठवडाही झाला नसेल. एक जोडपं दिल्लीचं तिकीट काढायला आलं. मी शोधलं, रक्कम सांगितली. मागून आवाज आला, "यातले तुजे किती?"

भाडं घ्यायला आलेले शेठ दारात उभे होते.

"शेठ, सगळेच लावतात थोडे."

"किती ता इचारला."

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता त्या जोडप्याला विचारलं, "तुमचे फोनवर बँक हाय ना? मग हिला कशाला देता? बसा हिते. मी दाखवतो." आणि कोपऱ्यातली फोटो काढायची खुर्ची ओढून त्यांनी त्या दोघांना खरंच तिकीट काढायला बसवलं. माझ्या पंख्याखाली, माझ्या वायफायवर.

जोडपं गेल्यावर मी म्हटलं, "गिऱ्हाईक असं परतवलंत तर तुमचं भाडं कुठून देऊ?"

"भाडा हा भाडा हाय, बाय. तुला जागा दिली, त्याचा भाडा. तू त्यांना काय दिलास? बटन दाबलास."

"कुठलं बटण दाबायचं ते मला कळतं, त्याचे पैसे घेते."

"मग त्यांना शिकव. शिकवायचे घे."

मला राग आला होता. पण राग धरून भाडं भरता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. दुपारी जेवून, पान लावून, फोटोच्या खुर्चीवर. कोणाला फोटो काढायचा असला की उठायचे, फोटो होईपर्यंत पांढऱ्या पडद्याच्या बाजूला उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. एकदा एका पोरीच्या पासपोर्ट फोटोत त्यांचा पोपटी बूट आला होता.

कन्व्हिनियन्स फी हे शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचले ते माझ्या कॉम्प्युटरवर. अर्थ विचारला. मी म्हटलं, सोयीचे पैसे.

"कोनाची सोय?"

"आपली. घरबसल्या तिकीट मिळतं."

"त्यांना घरबसल्या पैसे मिळतात ता?" त्यांनी चष्मा उतरवला. "त्यांना खिरकी नको, खिरकीवरची पोर नको, कागूद नको. नाव आमीच लिवायचा, छापायचा आमीच, चुकला तं भोगायचा आमीच. मग सोय कोनाची झाली? पैसे त्यांनी मना द्यायला पायजेत."



त्यांची पद्धत अशी होती. आधी तीन-चार ठिकाणी भाव बघायचा, पण बघून कोणावर विश्वास ठेवायचा नाही. "पयला आकडा दाखवायचा असतो, बाय. शेवटचा द्यायचा असतो." म्हणून प्रत्येक ठिकाणी पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं, तिथला शेवटचा आकडा बघायचा आणि मागे फिरायचं. सुरुवातीला स्वस्त दिसणारा दलालाचा भाव शेवटी फुगलेला असे आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या पानावरचा महाग भाव जिथल्या तिथे राही. मग चौकटींतल्या 'बरोबर'च्या खुणा काढून टाकायच्या. विम्याची खूण, जेवणाची खूण, आधी बसवतो म्हणणारी खूण, कुठल्यातरी पुण्यकार्याला दान देणारी खूण. या सगळ्या आपल्याला न विचारता केलेल्या असतात. शेठ एकेक खूण काढताना भातातलं तण उपटल्यासारखा हात करायचे. जागा निवडायची नाही. "विमानात उभा थोडाच ठेवनार हायेत? बसवतीलच कुठंतरी." शेवटी पैसे कशाने भरायचे तेही बघायचं, कारण कार्डाला सोयीचे पैसे जास्त आणि बँकेतून थेट दिले तर कमी, कधी काहीच नाही.

आणि सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे एकेकाचं वेगळं तिकीट. चार माणसांचा भाव एकदम विचारला तर स्वस्तातल्या दोनच जागा उरल्या असल्या तरी यंत्र चौघांनाही वरचा भाव लावतं. एकेकाचा विचारला तर पहिल्या दोघांना खालचा भाव मिळतो. ही गोष्ट खरी आहे, मी स्वतः करून बघितली आहे. शेठ ती अशी समजावून सांगायचे: "म्हावरेवालीकडे चार पापलेटा एकदम मागितलीस तं ती वलखते, हिच्याकडे पावने आलेत. एकेक माग."

लोक यायला लागले. माझ्यासाठी नाही, शेठसाठी. विचुंब्याहून, नेऱ्याहून, अगदी उरणच्या मोऱ्याहून. शेठ त्यांना तिकीट काढायला लावत, फुकट, आणि ते लोक जाताना अर्ज भरून घेत, झेरॉक्स काढत, फोटो काढत. महिनाअखेरीला मी हिशेब केला तर तिकिटांवर गेलं होतं त्याच्यापेक्षा जास्त दुसरीकडून आलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाडं वाढवलं असतं.

शेठ नेहमी बरोबर असत असं अजिबात नाही. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या एक खाला होत्या, त्यांचा मुलगा मस्कतला. ईदसाठी त्याला यायचं होतं. खाला तिकीट काढायला आल्या, शेठनी भाव बघितला आणि म्हणाले, "थांबा. उतरंल." खाला थांबल्या. दुसऱ्या दिवशी वाढला. शेठ म्हणाले, "ह्यो खोटा वाढलाय." तिसऱ्या दिवशी आणखी वाढला. "घाबरवतात आपल्याला," शेठ म्हणाले. आठवडा गेला आणि ईदच्या आधीचं एकही परवडणारं तिकीट राहिलं नाही.

खाला दुकानात आल्या, खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "शेठ, तुमच्या मेहेरबानीने माझा मुलगा या वर्षी ईदच्या नंतर ईद करणार. शिरखुर्मा तुम्हालाच पाठवते, गोड मानून घ्या."

आणि खरंच पाठवला. शेठ तो वाटीत घेऊन बसले, खाल्ला, आणि मग तीन-चार दिवस दुकानात आले नाहीत. आले तेव्हा खालांसाठी सुकटीची पिशवी घेऊन आले आणि ती मी नेऊन द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, तुमची चूक, तुम्ही द्या. दिली त्यांनी. खालांनी बटाटा घालून केली आणि त्यातलीही वाटी परत पाठवली. त्या बाईंना कोणीच हरवू शकलं नसतं.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. लोक गमतीने विचारत, शेठ, तुमचं तिकीट कधी? "मना कुठं जायाचाय?" ते म्हणायचे. एकदाच, दुकानात आम्ही दोघंच असताना, एका विमानाचा आवाज आला तेव्हा ते वर न बघता म्हणाले, "माज्या खाचरातून उडतंय ह्या."   थोड्या वेळाने म्हणाले, "तुजा प्रिंटर कागूद अडकवतोय. तेल घाल त्याला." प्रिंटरला तेल घालत नाहीत. मी बरं म्हटलं.

माझी आई तेव्हा माझ्याकडे असायची. तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग दिवस, मग नावं. मला ती मावशीच्या नावाने हाक मारायची. मावशी तिची धाकटी बहीण, नागपूरला दिलेली. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा माझ्या आईने तिला कडेवर घेऊन वाढवलं. या दोघी आणि आणखी कोणी नाही.

एके दिवशी मावसभावाचा फोन आला. मावशीने खाणं सोडलंय, डॉक्टर म्हणतात ज्यांना भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्या. रात्रभराचा रेल्वेप्रवास आईला झेपणारा नव्हता, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मी त्याच दुपारी दुकानात येऊन दुसऱ्या दिवशीचं विमान बघायला लागले. शेठ खुर्चीवर होते. त्यांनी एकही प्रश्न न विचारता खुर्ची ओढली.

"एकेकाचा बघ," ते म्हणाले.

मी एकेकाचं बघितलं. आईचं खालच्या भावात मिळालं, माझं वरच्या. खुणा काढल्या, बँकेतून थेट पैसे भरले. दोन तिकिटं, दोन वेगळे क्रमांक. शेठ खूश झाले. "बघ," म्हणाले. मीही खूश झाले, हेही खरं आहे. मावशी मरणाच्या दारात असली तरी मी पैसे वाचल्याचा आनंद मानला. मध्यमवर्गात असंच असतं.

सकाळी नागपूरहून पुन्हा फोन आला. मावसभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, श्वास बदललाय. आजच या." आणि आम्ही निघायच्या तयारीत असताना फोनवर दोन निरोप आले. आमचं दुपारचं विमान रद्द झालं होतं. आईला कंपनीने त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या विमानात टाकलं होतं. मला दुसऱ्या दिवशी सकाळच्या.

कंपनीच्या फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. शेठनी गाडी काढली. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते खाली उभेच होते. वाटेत आई दोनदा म्हणाली, "तिला कळवलंय ना मी येतेय म्हणून?" मी दोनदा हो म्हटलं.

विमानतळाच्या दारावर जवान असतो. तिकीट आणि ओळखपत्र असल्याशिवाय तो कोणालाही आत सोडत नाही. मी आजच्या जुन्या तिकिटावर आईला चाकाच्या खुर्चीतून आत नेलं, शेठ बाहेर राहिले. काउंटरवरची मुलगी चांगली होती, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"मॅडम, दोन वेगळी बुकिंग आहेत ना. तुम्ही एकत्र आहात हे सिस्टीमला कळतच नाही. संध्याकाळचं फुल आहे."

"माझी आई एकटी जाऊ शकत नाही. तिला ती कुठे चाललीय तेसुद्धा लक्षात राहत नाही."

"मग मी दोघींना उद्या सकाळचं देते. त्यात जागा आहे."

"उद्या उशीर होईल," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली. "मॅडम, कोणी स्वतःहून आपली जागा सोडली तरच. तसं मी कोणाला सांगू शकत नाही."

मी आईला बाकाजवळ ठेवलं, काचेपाशी गेले आणि बाहेर उभ्या असलेल्या शेठना फोन लावला. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमच्या पापलेटांमुळे हे झालं, असं म्हटलं, हे मात्र आठवतं. काचेपलीकडे ते फोन कानाला लावून उभे होते. मग त्यांनी तो फोन खिशात ठेवला आणि दुसरा काढला, बघायचा. चष्मा चढवला. मला वाटलं आता हा माणूस या वेळीसुद्धा भाव बघतोय. मी पाठ फिरवली.

थोड्या वेळाने पोपटी बूट माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"तुम्ही आत कसे आलात?"

"तिकीट काढला."

"कुठलं?"

"गोव्याचा. आधी जो दिसला तो." ते रांगेकडे बघत होते. "त्या नागपूरवाल्यांची रांग कुठली?"

दरवाजातून आत यायला तिकीट लागतं, तर त्यांनी तिकीट काढलं होतं. उभ्या उभ्या, रडणाऱ्या मुलाला चॉकलेट घ्यावं तसं. नंतर मी त्यांच्या फोनवर ते बघितलं. विम्याची खूण तशीच होती. जेवण होतं. जागा निवडलेली होती, तिचे वेगळे पैसे. दलालाचं पान, वर कार्डाने भरलेलं. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाने एकही खूण काढली नव्हती.

मी म्हटलं, रांगेतल्या एकेकाला विचारू या. त्यांनी मला थांबवलं. "सगळ्यांना नको. जो घरी चाललाय तो थांबनार नाय. जो घरून निघालाय त्यालाच इचारायचा. त्याला एक रात परत घरी जाता येतंय." आणि ते रांगेच्या कडेने चालायला लागले, गुरांच्या बाजारात फिरतात तसे, मागे हात बांधून. बघत नव्हते, ऐकत होते. कोण कसं बोलतंय. नागपूरकडचं बोलणं ऐकू आलं की पुढे जायचे. एक तिशीचा तरुण फोनवर कोणाला तरी सांगत होता, "नाय रे, मी पोचलो आता एअरपोर्टला." तिथे थांबले.

"कुठला रं तू?"

तरुणाने वर बघितलं. "ओव्याचा. का?"

"ओव्याचा कोनाचा?"

त्याने वडिलांचं नाव सांगितलं. शेठनी मान हलवली, म्हणजे ओळख लागली नाही. "आय कुठली तुजी?"

"नेऱ्याची."

"नेऱ्याची? कुठल्या आळीतली?"

तो सांगत गेला, शेठ विचारत गेले. आजोबा कोण, त्यांचा बैल कुठला, लग्नात वरात कुठून गेली. मागची माणसं चिडायला लागली. रांग पुढे सरकली, हे दोघे तिथेच. शेवटी शेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हंजे तुजी आजी माज्या आयशीची चुलतभैन. तुजी आय माजी भैन लागते. मी तुजा मामा."

"बरं," तो तरुण हसला. "नमस्कार, मामा."

"नमस्कार नको. कशाला चाललास नागपूरला?"

"मित्राचं लग्न हाय."

"कवा?"

"परवा."

"मग आज कशाला? आज तिथं जाऊन काय करनार? नाचायला अजून डीजेबी आला नसंल." मग त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. आई चाकाच्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसली होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत होती. "ती बाय बघ. तिची भैन आज जातेय. उद्या गेला तं भेट नाय. ही तिची पोर, हिला जागा नाय. तू उद्या सकाळी जा. जो काय फरक पडंल तो मी देतो. मामा मागतोय, नाय म्हनू नको."

तो तरुण थोडा वेळ आईकडे बघत राहिला. त्याच्या गळ्यात इअरफोन लोंबत होते, केस लग्नासाठी नुकतेच कापलेले.

"मामा, दुपारी मटण खाऊन निघालोय," तो म्हणाला. "आईने डबा पण दिलाय. परत गेलो तर ती म्हणेल, विमान चुकवलंस."

"आयशीला फोन लाव. मी बोलतो."

लावला. शेठ बोलले. पलीकडच्या बाईला ते बहीण म्हणाले आणि तिने बहुधा त्यांना ओळखलं नाही, पण आधी कोण, मग कोणाचा, मग कुठला बैल, हे सगळं पुन्हा झालं आणि फोन ठेवताना शेठ म्हणाले, "यायचा घरी. भाकरी खायाची आमच्याकडं." काउंटरच्या मुलीसमोर तो तरुण गेला, मी स्वतःहून जागा सोडतोय म्हणाला. तिने कोणाला तरी विचारलं, काहीतरी टाइप केलं आणि माझ्या हातात बोर्डिंग पास आला. तरुणाच्या उद्याच्या तिकिटाचा फरक शेठनी जागच्या जागी दिला. किती, ते बघितलंसुद्धा नाही. डब्याचं मटण त्या तरुणाने बाकावर बसून खाल्लं आणि शेठना अर्धं दिलं.

मी शेठना म्हटलं, "तुम्ही जा आता घरी. दारावर सांगितलं की सोडतील बाहेर."

"जातो," ते म्हणाले. "तू हो पुढं. आयला धर."

विमानात आईने माझा हात पूर्ण वेळ धरून ठेवला होता. तिला वाटलं आपण एसटीत आहोत. "घाट आला का गं?" असं तिने एकदा विचारलं.

मावशीच्या घरी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. आईने दारात विचारलं, हे कोणाचं घर. मग पलंगापाशी गेली आणि काही विचारायचं थांबली. बाजूला मुगाचं पाणी वाटीत होतं, कोणीतरी भरवायचा प्रयत्न करून ठेवलेलं. आईने चमचा उचलला. "आ कर," म्हणाली. "आ कर बघू. एवढंच." मावसभाऊ म्हणत होता, ती दोन दिवस घेत नाहीये, आणि मावशीने तोंड उघडलं. तीन-चार चमचे घेतले. डोळे उघडून आईकडे बघितलं आणि फक्त म्हणाली, "अक्का, गार झालंय."

"होऊ दे," आई म्हणाली.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले तेव्हा फोन वाजला. शेठ.

"भेटल्या?"

"भेटल्या."

"बरा झाला." मागे गाड्यांचे हॉर्न, कोणीतरी कोंकणीत भांडत होतं.

"शेठ, कुठे आहात तुम्ही?"

"गोव्यात हाय."

"काय?"

"तिकीट काढला होता ना. जेवनाचेबी पैसे दिलेले. फुकट कशाला घालवायचा? सँडविच दिला, पानी दिला. पान्याला बुडबुडे होते."

"आणि वरून काय दिसलं?"

"काय नाय. मधली जागा होती. दोनीकडून मानसा." ते वैतागले होते. "पैसे देऊन मधली घेतली मी. खिरकीची घ्यायची ता कळलाच नाय."

परत ते एसटीने आले, लेंगा-सदऱ्यावर, एकाही पिशवीशिवाय. परतीचं विमान महाग होतं. मी पनवेलला आल्यावर त्यांना म्हटलं, गोव्याच्या तिकिटाचे पैसे माझ्याकडून घ्या. ते इतके रागावले की दोन दिवस खुर्चीवर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि एका नेरेकराला स्वतःहून सांगायला लागले की घरातली माणसं असली तर एकत्रच काढायची, थोडे जास्त गेले तरी चालतील. तो म्हणाला, "शेठ, मागच्या महिन्यात तर तुम्हीच..."

"मागच्या महिन्यात मी येडा होतो," शेठ म्हणाले.

आता माझं स्वतःचं दुकान खांदा कॉलनीत आहे. शेठनी सांगितल्याप्रमाणे दुपारी मी शिकवते. तिकीट कसं काढायचं, अर्ज कसा भरायचा, कुठली खूण काढायची आणि कुठली ठेवायची. साठी उलटलेल्या बायका येतात आणि फी भरतात. शेठ आता उलव्याला मुलाकडे राहतात. भेटले की आधी विचारतात, फी किती घेतेस, आणि सांगितली की जास्त आहे म्हणतात.

मावशी त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी गेली. आईचं विसरणं वाढत गेलंय. विमानाचं, विमानतळाचं, खुर्चीचं तिला काहीच आठवत नाही. तो ओव्याचा मुलगा किंवा शेठ असे कोणी होते हेही नाही. मात्र आठवड्यातून एकदा तरी ती जेवताना हात थांबवून विचारते, "धाकटी गेली का गं?"

मी हो म्हणते. पूर्वी मला भीती वाटायची की ती पुन्हा नव्याने रडेल.

"हं," आई म्हणते, आणि पुढचा घास उचलते. "मी होते ना तिथे."